लैंगिक गुन्हेगारांची जाहीर यादी: पुन्हा हजेरी नको, पडताळणी हवी

लहान मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की दोन मागण्या लगेच पुढे येतात. पहिली फाशीची. दुसरी अलीकडची आहे: लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या प्रत्येकाचे नाव, फोटो आणि पत्ता इंटरनेटवर टाका, म्हणजे आपल्या शेजारी कोण राहतो हे आई-वडिलांना कळेल. अमेरिकेत असे आहे, मग आपल्याकडे का नाही, असे आपले तरुण कार्यकर्तेही विचारतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मुलींची काळजी असते. त्यामुळे त्याला झिडकारून चालणार नाही, नीट उत्तर द्यायला हवे.

आमचे उत्तर आधीच सांगतो. शिक्षा झालेल्या गुन्हेगारांची नोंद पोलिसांकडे असावी आणि ती मुलांच्या रक्षणासाठी खरोखर वापरली जावी, याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण ती यादी चौकात टांगायला आमचा विरोध आहे. ज्या समाजात नावावरून जात कळते आणि पत्त्यावरून वस्ती कळते, तिथे जाहीर यादी एका माणसापाशी थांबत नाही. आणि ज्या मुलींसाठी ती करायची, त्यांनाही ती वाचवत नाही.

बदलापूरने काय शिकवले?

मोरव्यात बसून हा विषय दूरचा वाटत नाही. बदलापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोपी होता शाळेत कंत्राटावर आलेला सफाई कर्मचारी. पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास बसावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, म्हणून शाळेच्या व्यवस्थापनातील लोकांवरही पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

इथे नेमके काय चुकले, ते पाहू. स्वच्छतागृहात लहान मुलींसोबत महिला कर्मचारी नव्हती. नव्या कर्मचाऱ्याची नीट पडताळणी नव्हती. तक्रार आल्यावर शाळेने ती दाबली. पोलिसांनी वेळ काढला. या चारपैकी एकही चूक जाहीर यादीने टळली नसती.

पुढे जे झाले, तेही आपण पाहिले. आरोपीच्या घराची मोडतोड झाली आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. २३ सप्टेंबरला मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून आरोपी मेला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरले. दफनासाठी जागा मिळेना, म्हणून आई-वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले. अखेर उल्हासनगरमध्ये पोलीस बंदोबस्तात दफन झाले. आपल्याला राहायला घर नाही, कोणी काम देत नाही, हेही त्या आई-वडिलांनी न्यायालयापुढे मांडले.

खटला चाललाच नाही. त्या दोन मुलींना न्यायालयाचा निकाल मिळाला नाही, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्या म्हाताऱ्या आई-वडिलांना शिक्षा मिळाली. कोणतीही सरकारी यादी नसताना हे घडले. आता तीच वागणूक सरकारी शिक्क्यासह, पत्ता आणि फोटोसह, आयुष्यभरासाठी मिळेल अशी व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. जाहीर यादी म्हणजे ती व्यवस्था.

आज कायदा काय सांगतो?

आपल्या देशात यादी नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो. सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ही यादी फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, सर्वसामान्यांना नाही.

ती सर्वांसाठी उघडावी, असा प्रयत्न आंध्र प्रदेशाने केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेवर बलात्कार करून तिचा खून झाला. ६ डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळीने मेले. आठवड्याभरात शेजारच्या आंध्र प्रदेश विधानसभेने दिशा विधेयक मंजूर केले आणि महिला व बालकांवरील गुन्हेगारांची नोंदवही जाहीर करण्याची भाषा झाली. हैदराबादची ती चकमक बनावट होती, असा निष्कर्ष निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे २०२२ मध्ये दिला. दिशाच्या धर्तीवर महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये शक्ती विधेयके मांडली. त्यांतही गुन्हेगारांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदवहीची तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने शक्ती कायदा अमलात आला नाही.

उत्तर प्रदेशाने तर कायद्याचीही वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महिलांची छेड काढणाऱ्यांचे फोटो चौकाचौकांत लावण्याचा आदेश तिथल्या सरकारने दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये आंदोलकांचे फोटो आणि पत्ते असलेले फलक लखनऊच्या रस्त्यांवर लावले होते आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते खाजगीपणाच्या हक्काचा भंग ठरवून काढायला सांगितले होते. चौकात फोटो लावण्याची सवय लागलेल्या सरकारला फोटो कोणाचा, हा प्रश्न गौण असतो, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

यादीत कोण नसेल?

उत्तर प्रदेशात फोटो लावण्याचा आदेश निघाला, त्याच महिन्यात, १४ सप्टेंबर २०२० रोजी, हाथरसमध्ये एका १९ वर्षांच्या दलित मुलीवर हल्ला झाला. मृत्यूपूर्वी तिने बलात्कार झाल्याचे सांगितले. २९ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी मध्यरात्रीनंतर कुटुंबाला दूर ठेवून तिचे प्रेत जाळले. मार्च २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने चारपैकी तिघांना निर्दोष सोडले. चौथ्याला सदोष मनुष्यवध आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा दिली, बलात्कारासाठी नाही. म्हणजे देशात उद्या कितीही कडक जाहीर यादी आली, तरी हाथरसच्या गुन्ह्यासाठी तिच्यात एकाचेही नाव नसेल.

खैरलांजीचे काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना संपवण्यात आले. माय-लेकींवर काय झाले, ते गावाला ठाऊक होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिल्या, पण लैंगिक अत्याचार सिद्ध मानला नाही आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागू मानला नाही. त्या गुन्ह्याचीही यादीत नोंद नाही. त्याआधीचा मथुरा खटला घ्या. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. त्यांचीही नोंद नाही.

यादीत नाव येते ते शिक्षा झालेल्याचे. शिक्षा कोणाला होते, हे ठरते तपास कोणी केला, साक्षीदार कोणी फोडले, वकील कोणाला परवडला यावर. देशात बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचे प्रमाण २७-२८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे निकाल लागलेल्या दर चार खटल्यांपैकी जवळजवळ तीन सुटतात. सुटणाऱ्यांत पैसा, जात आणि ओळख असलेले किती, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. अत्याचार करणाऱ्यांचे पूर्ण चित्र ती यादी देत नाही. ज्यांना वाचता आले नाही, त्यांचीच नावे तिच्यात जास्त असतात.

ओळखीचा माणूस आणि मुलीचे नाव

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. जाहीर यादी 'अनोळखी राक्षस' डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या ९५ टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: घरातला, नात्यातला, शेजारचा, कामाच्या ठिकाणचा, लग्नाचे वचन दिलेला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालअत्याचाराच्या अभ्यासात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते.

आता हे मोरव्यासारख्या गावात ठेवून पाहा. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धे, मोरवा ही जुनी गावे लागतात. महापालिका झाली, समोर टॉवर उभे राहिले, भाड्याच्या खोल्यांत बाहेरचे लोक आले. तरी आळीत अजून माणूस नावाने, बापाच्या नावाने आणि आडनावाने ओळखला जातो. समजा, अशा गावात एका मुलीवर तिच्या सख्ख्या काकाने अत्याचार केला आणि त्याला शिक्षा झाली. त्याचे नाव, फोटो, पत्ता जाहीर झाला. पीडितेचे नाव लपवायचे म्हणून कायदा कितीही काटेकोर असो, पोक्सोचे कलम २३ असो की न्याय संहितेचे कलम ७२, संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळेल की ती मुलगी कोण. तिची शाळा, मैत्रिणी, पुढचे लग्न, सगळ्यावर ती यादी सावली धरील. तीही आयुष्यभर.

याचा परिणाम तक्रारीवर होतो. आधीच आई तक्रार द्यायला घाबरते. घरातला कमावता माणूस तुरुंगात जाईल, खोलीचे भाडे कोण देणार, ही भीती असते. त्यात घराण्याचे नाव इंटरनेटवर कायमचे लागेल ही भीती घातली, तर ती गप्प बसेल. मुलगी गप्प बसलेल्या घरात अत्याचार चालूच राहतो. जी यादी तक्रारी कमी करते, ती मुलींना आणखी असुरक्षित करते.

यादी आणि आपला इतिहास

नावांची यादी करून संपूर्ण माणसांवर नजर ठेवणे आपल्याला नवे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू केली. त्या जमातींना गावचावडीवर किंवा पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांनाही हजेरी होती. ती राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली. देशात हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलीस ठाण्यातल्या वह्या राहिल्याच. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात सांगितले की पोलिसांचे असे गुन्हेगारी इतिहासपत्र हे खात्याचे अंतर्गत कागद आहे, ते जाहीर करायचे नसते. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास घटकांतल्या निरपराध लोकांची नावे केवळ पूर्वग्रहातून अशा नोंदींत घातली जातात, ही चिंताही न्यायालयाने बोलून दाखवली.

कोणी म्हणेल, ही तुलना चुकीची आहे. जमात जन्माने होती, गुन्हा माणूस स्वतः करतो. हा फरक खरा आहे आणि आम्ही तो मानतो. पण जमाव तो फरक करत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील तळेगाव अंजनेरी येथे पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न केल्याचा आरोप एका १६ वर्षांच्या दलित मुलावर झाला. मुलगा ताब्यात होता, कायदा त्याचे काम करू शकत होता. पण जिल्ह्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे आणि वाहने जाळली गेली. त्याच वर्षी कोपर्डीत एका मुलीवर अमानुष अत्याचार करून तिचा खून झाला. तिला न्याय मिळायलाच हवा होता, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. पण आरोपी दलित होते, म्हणून मोर्च्यांतून मागणी पुढे आली ती अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदलण्याची किंवा रद्द करण्याची. गुन्हा तिघांचा, बोट सगळ्या समाजाकडे.

नाव आणि पत्ता जाहीर केला, की 'भीमनगर', 'सिद्धार्थनगर', 'रमाबाई वसाहत' हेही जाहीर होते. आधीच आडनाव ऐकून घरमालक खोली नाकारतो. त्यात एका घरावर सरकारने शिक्का मारला, तर शेजारच्या दहा घरांना खोली मिळणार नाही.

प्रेम करणारी मुलेही यादीत येतील

आपल्या तरुणांनी विशेष लक्ष द्यावे, असा हा मुद्दा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने संमतीचे वय १६ वरून १८ केले. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा स्वखुशीने पळून गेले, तरी कायद्याच्या नजरेत तो बलात्कार आहे. एन्फोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधील २०१६ ते २०२० या काळातील पोक्सोचे ७,०६४ निकाल तपासले. त्यांतली १,७१५ प्रकरणे, म्हणजे जवळजवळ चारातले एक, प्रेमसंबंधाची होती. त्यांतल्या बहुतेक मुलांची शेवटी सुटका झाली, पण तोवर तुरुंग, कोर्टाच्या तारखा आणि बुडालेले शिक्षण त्यांच्या वाट्याला आले.

तक्रार कोण करते? बहुतेकदा मुलीचे घरचे. आंतरजातीय संबंध असेल तर मुलाची जात पाहून हा कायदा हत्यार म्हणून हाती घेतला जातो. खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. ज्या समाजात बोलण्याची ही किंमत आहे, तिथे पोक्सोची फिर्याद ही सोपी वाट आहे. अशा खटल्यात शिक्षा झालेला मुलगा आणि चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणारा नराधम, दोघे एकाच पानावर झळकतील. पाहणाऱ्याला फरक कळणार नाही.

अमेरिकेत हे घडले आहे. २००६ मध्ये मेन राज्यात एका तरुणाने सरकारी यादीवरून पत्ते काढले आणि दोघांना घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यातला एक जण चोवीस वर्षांचा होता. एकोणीस वर्षांचा असताना सोळा वर्षे पूर्ण व्हायला थोडे दिवस उरलेल्या मैत्रिणीशी संबंध ठेवले, हा त्याचा गुन्हा होता.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावे. १९८९ मध्ये मिनेसोटा राज्यात जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले. त्याच्या नावाने १९९४ मध्ये नोंदणीचा केंद्रीय कायदा आला. त्याच वर्षी न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांकाचा खून झाला आणि नोंदी जाहीर करण्याचा 'मेगनचा कायदा' आला, तो १९९६ पासून देशभर लागू झाला. आज तिथल्या याद्यांत लाखो नावे आहेत.

परिणाम काय? अमेरिकी न्याय खात्याने १९९४ मध्ये पंधरा राज्यांतून सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांचा माग ठेवला. तीन वर्षांत त्यांतले ५.३ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात पकडले गेले. सगळे गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून खरा आकडा यापेक्षा मोठा असणार. तरीही 'सुटलेला प्रत्येक जण पुन्हा तेच करतो' हा समज त्याने टिकत नाही. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. पोलिसांकडे नोंदणी झाल्याने गुन्हे कमी होतात असे त्यांना दिसले. पण तीच नोंद लोकांसाठी जाहीर केली, की सुटून आलेल्यांकडून गुन्हे पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, असाही कल त्यांना दिसला. कारण समजायला कठीण नाही. ज्याला घर नाही, काम नाही, नातेवाईक जवळ करत नाहीत, त्याला सुधारून राहण्याचे कारणच उरत नाही. मायामी शहरात शाळा-बागांपासून दूर राहण्याचे नियम इतके कडक झाले, की सुटलेले अनेक जण वर्षानुवर्षे समुद्रावरच्या एका पुलाखाली झोपत होते. पोलिसांनाही त्यांच्यावर लक्ष ठेवणे अवघड झाले.

आणि जेकबचे काय? २०१६ मध्ये त्याच्या खुन्याने कबुली दिली. तो लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नव्हता. जेकबच्या आई पॅटी वेटरलिंग, ज्यांच्या लढ्यामुळे कायदा आला, त्यांनीच पुढे या याद्या फार पसरल्या आहेत, त्यांचा फेरविचार करा, असे जाहीरपणे सांगितले आहे.

ब्रिटनने वेगळी वाट घेतली. २००० साली तिथल्या एका वृत्तपत्राने गुन्हेगारांचे फोटो छापायला सुरुवात केली तेव्हा पोर्ट्समथच्या एका वस्तीत दिवसेंदिवस दंगल झाली. वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरच्या घरावर लोकांनी शिवी रंगवली. इंग्रजीत बालरोगतज्ज्ञ आणि बालकांवर अत्याचार करणारा या दोन शब्दांची सुरुवात सारखी आहे, तेवढे कारण पुरले. पुढे तिथे यादी पोलिसांकडेच ठेवली. मात्र २०११ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र अशी सोय आहे, की आपल्या मुलाच्या संपर्कात येणाऱ्या विशिष्ट माणसाबद्दल पालक पोलिसांना विचारू शकतो. धोका असेल तर पोलीस त्या पालकाला गुप्तपणे सांगतात. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, फेरतपासणीची संधी न देता आयुष्यभर यादीत ठेवणे मानवी हक्कांत बसत नाही, असाही निकाल दिला.

'माझ्या मुलीजवळ येणारा माणूस कोण, हे जाणण्याचा मला हक्क नाही का?' या आईच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. हक्क आहे. पण तो त्या आईचा आहे, जमावाचा नाही.

अंगुलिमालाची आठवण

या विषयावर बोलताना कोणी तरी अंगुलिमालाचे नाव घेतोच. त्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. अंगुलिमाल भिक्खू झाला तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याच्यावर दगड-ढेकळे फेकली आणि तो रक्तबंबाळ होऊन परत आला. तथागतांनी त्याला हे सहन करायला सांगितले, केलेल्या कर्माचे फळ टळत नाही म्हणून. म्हणजे या कथेत गुन्ह्याला माफी नाही. पसेनदी राजा त्याला पकडायला निघाला होता, तेव्हा तथागतांनी अंगुलिमालाला लपवले नाही, राजासमोर दाखवले. आणि तरीही माणूस बदलू शकतो, हा मार्ग त्यांनी बंद केला नाही.

पीडित मुलीने माफ करावे, असे सांगण्याचा अधिकार या कथेवरून कोणालाही मिळत नाही. गुन्हेगाराला कायद्याने पूर्ण शिक्षा व्हावी. शिक्षा संपल्यावर त्याच्यावर नजर ठेवायची, ती राज्यसंस्थेने ठेवावी. दगड मारणाऱ्यांच्या हाती पत्ता देऊ नये.

मग मागायचे काय?

पोक्सो नियम २०२० प्रमाणे शाळा, पाळणाघर, वसतिगृह, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने सर्व कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करायची आहे. बदलापूरनंतर राज्य सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी याबाबत शाळांना आदेश दिले. नियम आहेत, पाठपुरावा नाही. म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. राष्ट्रीय माहितीसूची पोलिसांपुरतीच राहावी, पण शाळेने पडताळणी मागितली की ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे. कंत्राटी सफाई कामगार, बसचालक, सुरक्षारक्षक यांनाही ती लागू असावी आणि जबाबदारी ठेकेदारावर ढकलता येऊ नये.

२. शिक्षेनंतरच नोंद व्हावी. अपिलात सुटल्यास ती पुसावी. ठरावीक वर्षांनी फेरतपासणी व्हावी. अल्पवयीन आरोपी आणि परस्पर संमतीची प्रेमप्रकरणे यांना या नोंदीतून वगळावे.

३. विशिष्ट माणसाबद्दल पालकाला पोलिसांकडे विचारता यावे, अशी ब्रिटनसारखी गुप्त सोय असावी.

४. पोक्सोची विशेष न्यायालये, पीडित मुलीला मिळणारी साहाय्यक व्यक्ती आणि मनोधैर्य योजनेची मदत वेळेवर मिळावी. मुलीला सुरक्षित वाटते ते निकाल लागल्याने.

यातले बरेचसे काम कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता सुरू करता येईल. मीरा-भाईंदर महापालिकेच्या शाळांत आणि खाजगी शाळांत किती कंत्राटी कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली, सखी सावित्री समितीच्या बैठका झाल्या का, हे माहिती अधिकारात विचारता येते. मोरवा, राई, मुर्धे परिसरातल्या तरुणांनी एवढे केले, तरी दहा मोर्च्यांपेक्षा जास्त काम होईल.

आणि काम आपल्या विहारापासून सुरू व्हावे. आपण बाल संस्कार वर्ग घेतो, श्रामणेर शिबिरे भरवतो, अभ्यासिका आणि वसतिगृहे चालवतो, धम्मसहलीला मुले नेतो. तिथे शिकवणारा, राहणारा, सोबत जाणारा कोण, याची पडताळणी आपण करतो का? शिबिरात मुलींच्या सोबत रात्री दोन जबाबदार महिला असतात का? मुलाने काही सांगितले तर कोणाकडे जायचे, हे फलकावर लिहिलेले असते का? चीवर अंगावर आहे किंवा माणूस चळवळीतला जुना आहे, म्हणून पडताळणीतून सूट असू नये. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'समाजाचे नाव खराब होईल, आपसात मिटवू' असे म्हणणारा पदाधिकारी स्वतः गुन्हा करत असतो. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक विहाराच्या दारावर लावायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आरोपी आपला आहे म्हणून त्याला पाठीशी घालायचे नाही. आरोपी आपला आहे म्हणून अख्ख्या वस्तीला झोडपू द्यायचे नाही. ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात आणि ती कठीण आहेत. पुढच्या वर्षावासात आपल्या विहारात मुलांचा वर्ग भरेल, त्याआधी ही पडताळणी पूर्ण झालेली असावी.

जय भीम! नमो बुद्धाय!